नाशिकचा गुरू आणि खोडदच्या तबकड्या

(दृश्य : रामकुंड, पहाट. पायऱ्यांवर वाळत टाकलेले कपडे. तांब्या बुडवणारा हात.)

नाशिककराला गुरू ग्रहाची ओळख करून द्यावी लागत नाही. गुरू सिंह राशीत आला की इथं सिंहस्थ भरतो. मागचा २०१५ साली झाला. पुढचा तोंडावर आलाय, हे खोदून ठेवलेल्या रस्त्यांवरूनही कळतं. बोलायला आपण बारा वर्षं म्हणतो. गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी मात्र ११.८६ वर्षांत पुरी होते.

या दशांशाशी घाटावर कुणाला देणंघेणं नाही. पण याच शहरात, एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात, पाच माणसं त्याच्याच मागे लागलेली आहेत.

(दृश्य : दुसऱ्या मजल्यावरची खोली. तीन संगणक, एक माठ, फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिलेलं ‘पुसू नये’.)

इथं येणारा प्रत्येक पाहुणा आधी विचारतो, दुर्बीण कुठंय? आणि थोडं बसला की विचारतो, मुलीची पत्रिका बघाल का? दुसऱ्या प्रश्नाला सर चहा मागवतात. पहिल्याचं उत्तर मात्र आहे : दुर्बीण खोडदला.

(दृश्य : नाशिक-पुणे रस्ता. एसटीच्या खिडकीतून सिन्नर, संगमनेर, आळेफाटा.)

नारायणगावला उतरायचं आणि आत वळायचं. टोमॅटोचे क्रेट, द्राक्षांच्या बागा, आणि अचानक शेतामागून डोकं काढणारी तबकडी. एकेक ४५ मीटर व्यासाची. अशा ३०. चौदा मधोमध जवळजवळ, बाकीच्या वाय अक्षराच्या तीन हातांवर पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ही जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप), खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण. तबकडीला भरीव पत्रा नाही, तारांची जाळी आहे. रेडिओ लहरी लांब असल्यानं त्यांना ती जाळी आरशासारखीच. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्चही कमी. सावलीत उभं राहून वर बघितलं तर जाळीतून आभाळ दिसतं. इथं आल्यावर मोबाईल बंद. तुमच्या खिशातला फोन इथल्या कुठल्याही ताऱ्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो.

आमची ताई (पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण धाकटे दोघं तिला ताईच म्हणतात) पहिल्यांदा इथं रात्रपाळीला बसली, तेव्हा घरून डबा घेऊन आली होती. डोळ्यांनी बघण्यासारखं काहीच नव्हतं. पडद्यावर रेघा, आणि दर थोड्या वेळानं वहीत नोंद.

ती ज्याची वेळ घेते, त्या पल्सारचं नाव जे १७१३+०७४७. मेलेल्या ताऱ्याचा शहराएवढा गोळा, सेकंदाला सुमारे २१९ गिरक्या घेणारा. दर गिरकीला रेडिओचा एक झोत पृथ्वीवरून जातो. पुढचा ठोका कधी पडणार, याचा हिशेब मांडायचा आणि प्रत्यक्ष ठोका किती पुढे-मागे पडला ते बघायचं. या फरकाला इथं सगळे रेसिड्युअल म्हणतात. शून्याच्या रेषेवर ठिपके बसले, की सगळं आलबेल.

वाटेत, ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत, इलेक्ट्रॉन असतात. ते कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त अडवतात, त्या उशिरा पोहोचतात. तो उशीर मोजून वजा करायचा, तर कमी वारंवारतेवर ऐकणारा कान हवा. खोडदचा कान त्यात तयार आहे.

आणि मग आपला गुरू येतो.

(दृश्य : फळा. सर खडूनं एक मोठा गोल काढतात, दूर एक छोटा.)

पृथ्वी सतत हलते, म्हणून ठोक्यांची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रापाशी मोजावी लागते. ते सूर्याच्या पोटात असेल, असं वाटतं. पण गुरू इतका जड, की त्या दोघांपुरतं बघितलं तर हे केंद्र सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर येतं. गुरूची जागा धरायला थोडी चूक झाली, तर सगळेच पल्सार हळूहळू पुढे-मागे झाल्यासारखे दिसतात, बारा वर्षांच्या झोक्यानं. गुरुत्वीय लहरींचा (अवकाशातच उठणाऱ्या ज्या तरंगांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचा) भास होण्याइतपत. पल्सारांवरून या लहरी शोधणाऱ्या अमेरिकेतल्या गटाला २०१८ मध्ये हेच नडलं होतं. २०१६ मध्ये नासाचं जुनो यान गुरूभोवती फिरू लागलं, त्यामुळे त्याचा ठावठिकाणा आता बराच पक्का झालाय.

२९ जून २०२३ ला जगभरच्या गटांनी एकदमच जाहीर केलं, की अशा संथ लहरींच्या गुणगुणीचा पुरावा मिळतोय. युरोपच्या गटाबरोबर भारतीय गट होता, त्याची मोजमापं खोडदची. शिक्कामोर्तब व्हायचंय. त्या दिवशी या खोलीत पेढे आले. पेढे आणणाऱ्याला रेसिड्युअल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तो विभागातला शिपाई.

पीएचडीचे एरवीचे टप्पे असे गाजत नाहीत. कोर्सवर्क संपणं. जेआरएफचे, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीचे, ३७ हजार वेळेवर खात्यात येणं (हा टप्पा दर महिन्याला नव्यानं गाठावा लागतो). दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरच्या शिष्यवृत्तीचं, होणं. आणि एकदा तरी सगळ्यांसमोर सपशेल चुकणं.

ताईचं तेही झालं. एका सकाळी तिचे फेब्रुवारीनंतरचे सगळे ठिपके रेषेवरून उधळले. याच पल्सारच्या ठोक्याचा आकार एप्रिल २०२१ मध्ये खरोखर बदलला होता, आणि खोडदनंही तो टिपला होता. म्हणजे नवं काही सापडल्याची आशा अगदीच वेडी नव्हती. दोन दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सरांना दाखवलं. सरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.

“अगं, निरीक्षण किती वाजताचं?”

“रात्री अडीच.”

“कुठले अडीच?”

नव्या प्रोग्रॅममध्ये तिनं भारतीय वेळ जागतिक वेळ म्हणून घातली होती. साडेपाच तासांत पृथ्वी सहा लाख किलोमीटर पुढे गेलेली असते. फळ्यावर ‘पुसू नये’च्या चौकटीत तेव्हापासून एकच ओळ आहे : कुठले अडीच?

(दृश्य : पहाट. स्वयंपाकघर. गॅसवर दूध.)

तिचं नाव असलेला पहिला पेपर अर्काइव्हवर (शोधनिबंध सगळ्यांसाठी खुले ठेवणारी वेबसाइट) चढला तो एका उन्हाळ्यात. रात्री साडेअकराच्या आत चढवला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दिसतो. ती झोपलीच नव्हती. लेखकांची डझनावारी नावं, आडनावाच्या वर्णानुक्रमे. आईनं पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि मोबाईलवर बोट ठेवून हळूहळू खाली सरकत गेली. सापडलं.

“हे काय, मध्ये बाबांचं नाव नाही घातलंस?”