स्वतःला इजा करणं आणि भावना सांभाळणं: उपचारांत नेमकं काय बदलतं?
(सोलापुरात पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

"हे बंद कधी होणार?" पालक सगळ्यात आधी हेच विचारतात. प्रश्न रास्तच आहे. पण त्याआधी ही कृती त्या मुलाच्या काय कामाला येते, ते पाहावं लागतं. बहुतेकांना तिच्यामुळे असह्य झालेल्या भावनेतून थोडा वेळ सुटका मिळते, आणि या सुटकेपायीच ती पुन्हा घडते. 'लक्ष वेधायला करते' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, मग एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्या घालून ती लपवते कशाला?

उपचारांचं काम म्हणजे भावना खाली आणायच्या दुसऱ्या वाटा तयार करणं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी यासाठी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, विकसित केली. तिची पहिली मोठी चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. मूळ आराखडा वर्षभराचा: आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, कौशल्यं शिकवणारा साधारण अडीच तासांचा गट आणि अडचणीच्या वेळी थेरपिस्टला फोन. एवढं सगळं मिळालं नाही, तरी त्यातली कौशल्यं चांगला समुपदेशक शिकवू शकतो.

सुरुवात शरीरापासून. भावना टिपेला असताना समजूत घालून उपयोग नसतो, डोकं ऐकायच्या स्थितीतच नसतं. तेव्हा पुढे वाकून, श्वास रोखून, कपाळ, डोळे आणि गाल साधारण तीस सेकंद गार पाण्यात बुडवायचे. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. आता आपल्याकडची अडचण बघा. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून चटके देत येतं, त्याने काहीच होत नाही. माठातलं पाणी घमेल्यात घेऊन त्यात थोडा बर्फ टाका, पण 10 अंशांपेक्षा गार करू नका. तेही जमत नसेल तर ओल्या रुमालात बर्फ गुंडाळून डोळ्यांवर आणि गालांवर धरा. हृदयविकार असेल, ठोके कमी करणारी गोळी चालू असेल किंवा खाण्याचा आजार (जेवण टाळणं, खाऊन उलटी काढणं) असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही. परिणाम काही मिनिटंच टिकतो, म्हणून पुढची पायरी आधीच ठरलेली हवी: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. हे सगळं फसतं ते बहुधा एकाच कारणाने, पहिला प्रयोग थेट संकटाच्या रात्री होतो. शांत दिवशी सराव हवा.

दुसरं साधन म्हणजे डायरी कार्ड. रोज रात्री इजा करण्याची ओढ किती होती, ते शून्य ते पाच या मापात लिहायचं, शिवाय भावना आणि वापरलेलं कौशल्य. नुसतं 'टेन्शन' लिहून चालत नाही. राग असेल तर काही वेळ तिथून बाजूला होणं योग्य. शरम असेल आणि चूक काहीच नसेल, तर उलट माणसांत जाऊन बसणं योग्य. नाव चुकलं की उपायही चुकतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातली मुलगी कार्ड तेलुगूत लिहीत असेल तर लिहू द्या. भावना घरच्याच भाषेत नीट सापडतात.

सत्रात एकेका प्रसंगाची साखळी उलगडतात. समजा, बारावीतली मुलगी. रात्री झोप नाही, सकाळी उपाशीपोटी क्लास, चाचणीत कमी गुण, मैत्रिणीने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, संध्याकाळी आई बोलली. घरच्यांना शेवटची कडीच दिसते. पण तोडायला सोपी असते पहिली: झोप आणि नाश्ता.

याचा पुरावा आहे का? त्यासाठी आधी हे मोजता यावं लागतं. ग्रॅट्झ आणि रोमर यांची 2004 सालची 36 प्रश्नांची मोजपट्टी भावना सांभाळताना येणाऱ्या अडचणी मोजते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या चाचणीत 13 ते 17 वर्षांची 166 मुलं होती. नेहमीच्या उपचारांना बारा आठवड्यांच्या ऑनलाइन भावना-नियमन उपचारांची जोड मिळालेल्या गटात इजेचे प्रसंग 82 टक्क्यांनी घटले, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 47 टक्क्यांनी. भावना सांभाळता येऊ लागल्या त्यातूनच हा फरक घडल्याचंही विश्लेषणात दिसलं.

सुरुवातीला मात्र "आता जास्तच रडते" अशी तक्रार येऊ शकते. दाबलेलं जाणवायला लागलं की असं होतं. इजेचे प्रसंग वाढत नसतील तर घाबरून उपचार सोडू नका. मरणाची भाषा आली, तर मात्र थांबायचं नाही: त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठा, मुलाला एकटं ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आणि कृपा करून ग्रामदैवत सिद्धेश्वराची शपथ घालू नका. शपथ मोडली की शरम वाढते, आणि पुढच्या वेळी जखम तुम्हाला दिसणारही नाही. नातेवाइकांपुढे हात उघडून दाखवणं हा तर क्रूरपणा आहे. इजा होईल अशा वस्तू मुलाला सांगून, न ओरडता, हाताबाहेर ठेवा. ओढ ओसरायला तेवढा वेळ मिळतो. इजा थांबली तरी कार्ड काही महिने चालू ठेवा, निदान परीक्षा आणि निकाल पार पडेपर्यंत.