दव आहे तोवर

(दृश्य: पहाटेचा अंधार. ज्वारीच्या रानात बॅटरीचे हलते झोत. वाळल्या पानांची सळसळ.)

फाल्गुन लागलाय. सूर्य उगवायला अजून बराच अवकाश आहे, पण मंगळवेढ्याच्या शिवारात माणसं कामाला लागलीत. दोन महिन्यांपूर्वी, पौषात, या वेळेला गावात एखाददुसऱ्या चुलीचा धूर दिसायचा. उन्हं अंगावर आल्याशिवाय कुणी रानाची वाट धरत नव्हतं. आता थंडी ओसरली आणि गावाचा दिवसच मागे सरकला.

याला कारण दव.

ज्वारी वाळली की तिच्या पानाच्या कडा करवतीसारख्या होतात. उन्हात हात घातला तर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे उठतात. रात्रीच्या दवानं तेच पान मऊ पडतं. शेजारच्या पाट्यातली करडई तर त्याहून कडक. तिचे काटे दवात नरम असतात, तेवढ्यातच ती काढून घ्यायची. उन्हं चढली की करडईच्या जवळ जाववत नाही. म्हणून तर ती ज्वारीच्या कडेनं पेरतात. काट्यांपुढे जनावर आत शिरायला धजत नाही.

(दृश्य: उजाडताना. काळं रान, जमिनीला पडलेल्या फटी.)

सोलापूर जिल्ह्यातला हा कमी पावसाचा पट्टा. जो पाऊस येतो तोही बराचसा उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरातला. त्या ओलीवर ज्वारी पेरायची आणि नंतर एकदाही पाणी न देता ती काढायची, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हे साधतं ते खोल काळ्या मातीमुळे. ती पाणी धरून ठेवते आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं सोडते. रान भेगाळायला लागलं की बैलांचं कोळपं फिरवायचं. वरची माती भुसभुशीत होऊन फटी बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही. आपण कोरडवाहू म्हणतो आणि पुढे जातो. पण पाण्याचा इतका बारीक हिशेब बागायतीतही कुणी ठेवत नसेल.

इथली ज्वारी मालदांडी. मोत्यासारखा टपोरा दाणा, चवीला गोड. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते याच वाणामुळे, आणि 2016 साली या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

(दृश्य: जानेवारीतलं चित्रण. हिरवी कणसं, वर पाखरांचा थवा.)

संक्रांतीच्या आसपास कणसात दूध भरतं, दाणा हुरड्याला येतो आणि भोरड्यांची धाड पडते. गुलाबी अंग, काळं डोकं. मध्य आशियाकडून हिवाळ्याला आलेले हे पाहुणे हजारोंनी उठतात, हवेत वळतात आणि एकदम रानात उतरतात. पाहणाऱ्याला तो थवा सुंदर दिसतो. माळ्यावर गोफण घेऊन उभ्या असलेल्या पोराला मात्र श्वास घ्यायला फुरसत नसते. दिवसभर हाळ्या, पत्र्याच्या डब्याचा खणखणाट. दाणा कडक झाला की पाखरांचा जोर कमी होतो, आणि तोवर थंडीही उतरणीला लागलेली असते.

ऋतू बदलतोय हे पंचांगाच्या आधी झाडं सांगतात. कडुनिंबाची पानं पिवळी पडून अंगणभर सांडतात. सकाळी झाडून काढावं तर दुपारी पुन्हा तेवढीच. चिंचा पिकून खाली येतात. मग ओसरीवर बायका चिंचा फोडत बसतात. टरफल एकीकडे, चिंचोका एकीकडे, गर तिसरीकडे. रानातलं काम नसलेली म्हातारी माणसंही यात असतात, आणि गावातल्या निम्म्या बातम्या इथंच कळतात.

शेजारच्या पंढरपुरात वसंत पंचमीपासून विठ्ठल-रुक्मिणीला पांढरी वस्त्रं नेसवतात आणि त्यांवर गुलाल टाकतात. रंगपंचमीपर्यंत हा क्रम चालतो. माघी वारीला इकडची माणसं जातात, पण मुक्काम लांबवत नाहीत. रानात ज्वारी उभी असते.

(दृश्य: काढणी. हातांचं जवळून चित्रण.)

हे हात नीट बघा. बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्यात. ताट, म्हणजे ज्वारीचं धांडं, बुडाशी धरायचं, गुडघ्यात किंचित वाकायचं आणि एक हिसका द्यायचा. ताट मुळासकट वर येतं. मुळाशी लागलेली ढेकळं झाडायची, ताट आडवं टाकायचं, पुढचं धरायचं. विळ्यानं कापली तर काम हलकं होईल, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण कापलेल्या ताटाचा सड रानात उभा राहतो, तो माणसाच्या आणि बैलाच्या पायात घुसतो. शिवाय बुडापासून उपटलं की वैरण पुऱ्या लांबीची मिळते. एकेका रानात अशी हजारो ताटं. यातलं बहुतेक काम बायका करतात, आणि घरी जाऊन भाकरीही त्याच थापतात. ज्वारीच्या कौतुकात या कंबरेचा उल्लेख क्वचितच येतो, म्हणून इथं मुद्दाम करतोय.

आडवी पडलेली ज्वारी काही दिवस उन्हात वाळते. मग कणसं मोडायची आणि मागे उरतो कडबा. त्याच्या पेंढ्या बांधायच्या त्याही पहाटे. दुपारी हात लावला तर वाळकी पानं चुरून मातीत जातात, आणि पानंच गेली तर जनावरानं खायचं काय? पहाटे दवानं ती लवचीक असतात, पेंढी घट्ट बसते. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. ज्वारीचा भाव पडला तरी कडब्यानं घर तारलं, असं इथं अनेक वर्षं घडलंय. घरापुढची कडब्याची बनीम, म्हणजे रचलेली गंजी, किती उंच आहे त्यावरून उन्हाळा कसा जाणार ते कळतं.

(दृश्य: भर दुपार. मळणी यंत्राचा आवाज, भुश्शाचा लोट.)

दवाची सगळी कामं पहाटे, मळणी मात्र कडकडीत उन्हात. कणीस तापलेलं हवं, तरच दाणा सुटतो. ट्रॅक्टरला जोडलेलं यंत्र तासाभरात कणसांची सुडी, म्हणजे रास, संपवतं. माणसांची तोंडं फडक्यांनी बांधलेली, कारण ज्वारीची कूस अंगाला लागली की खाज रात्रभर जात नाही.

पूर्वी याला खळं लागायचं. जमीन चोपून शेणानं सारवायची, मध्ये तिवडा, म्हणजे खांब, रोवायचा, त्याभोवती बैलांची पात फिरायची. मग वावडीवर, म्हणजे उंच तिपाईवर, उभं राहून, वारा बघून उफणायचं. आता खळी दिसत नाहीत. एक गोष्ट काही घरांत टिकलीय. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन.

या दिवसांत सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट झाली, हाताशी आलेली रब्बी गेली. ज्वारीला तर गाराही लागत नाहीत, काढणीच्या वेळी दोन दिवस पाऊस झाला तरी दाणा काळा पडतो आणि भाव निम्म्यावर येतो. कडबाही कुजका होतो. त्यामुळे पश्चिमेला ढग दिसला की रानात बोलणं थांबतं आणि हात वाढतात.

(दृश्य: चूल, काटवट, थापली जाणारी भाकरी.)

नव्या ज्वारीची पहिली भाकरी. पीठ ताजं हवं. दळून फार दिवस झाले तर विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरत जाते. नवं पीठ मात्र हाताखाली रुपयासारखं गोल फिरतं. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात, उलटायची, मग जाळापुढे उभी करायची. टम्म फुगली की रानातली कसर इथं भरून निघते.

घरचं धान्य आता कणग्यांत आणि पत्र्याच्या कोठ्यांत जातं. जुन्या वाड्यांत पेवं होती, जमिनीत खोल खणलेली. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर आत हवा वाईट आहे, माणूस गुदमरेल. याच मंगळवेढ्यात, दुष्काळात बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची आठवण लोक अजून मनापासून काढतात. धान्य राखायचं कुणासाठी, हा प्रश्न या मातीत जुना आहे.

ज्वारीचं रान मात्र कमी होत चाललंय. उपटायला माणसं मिळत नाहीत, आणि पाणी आलं तिथं ऊस आला. 2023 हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, शहरांत ज्वारीची भाकरी पुन्हा ताटात आली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्वारीचं ताट न मोडता, मुळासकट उपटून देणारं, लहान शेतकऱ्याला परवडणारं यंत्र आलं तर या बायकांची कंबर वाचेल आणि ज्वारीही वाचेल.

(दृश्य: गुढ्या उभारलेली गल्ली, मग मोकळं रान.)

पाडव्याला दारोदार गुढ्या उभ्या राहतात. कडुनिंबाला नवी पालवी आणि मोहोर आलेला असतो, त्याचाच पाला गुढीला. सालगड्यांची सालं याच दिवशी ठरतात: धान्य किती, पैसे किती, कपडे किती. कुणी दुसऱ्या घरी जातो, कुणी तिथंच राहतो. मोठमोठी कणसं बियाण्यासाठी बाजूला काढून झालेली असतात. बनिमीवर पाचटाचं शाकारण चढतं. आणि पाडवा झाला की नांगर रानात जातो, कारण ढेकळं उन्हाळाभर तापली तरच माती पुढच्या पावसाला तयार होते. त्या कामाला दवाची गरज नसते. पहाटे उठण्याची सवय मात्र लागलेलीच असते, तेव्हा नांगरही अंधारातच जुंपला जातो.