नौरू: हिशोब ठेवून बुडालेलं बेट

अध्यक्ष आणि मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'बेटं का बुडतात', आणि शेजारी आयोजकांनी हौसेने त्या लांबट तोंडाच्या दगडी पुतळ्यांचा फोटो टाकलाय, ईस्टर आयलंडचा. तर आधीच सांगतो, मी त्या बेटाबद्दल बोलणार नाहीये. म्हणजे पाच मिनिटं बोलणार, कारण माझं त्या गोष्टीशी जुनं भांडण आहे. (हशा)

ती गोष्ट तुम्हाला सगळ्यांना आलेली असणार व्हॉट्सॲपवर, खाली दोन हात जोडलेले. लोकांनी पुतळे ओढायला झाडं तोडली, तोडत गेले, शेवटचं झाडसुद्धा तोडलं, मग एकमेकांना खाल्लं, संपले. आता त्या बेटावरचं ताडाचं जंगल गेलं हे खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात माणसांसोबत होडीतून आलेल्या उंदरांचा हात होता, त्यांनी कुरतडलेल्या ताडाच्या बिया आजही सापडतात. आणि झाडं गेल्यावरही लोक जगत होते, शेतात दगड पसरून ओल धरून रताळी पिकवत होते. 1722 मध्ये ईस्टरच्या दिवशी डच जहाज आलं तेव्हा तिथे चांगली नांदती वस्ती होती. खरा घाला पडला 1862-63 ला, पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली तेव्हा. हजाराच्या वर माणसं उचलून नेली, जी थोडी परत आली ती देवीची साथ घेऊन आली, आणि 1877 साली बेटावर माणसं उरली होती 111. हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं! 2024 मध्ये जुन्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास आला, त्यातही युरोपियन यायच्या आधी लोकसंख्या कोसळल्याची खूण मिळाली नाही. पण सांगायचं कुणाला, शेवटचं झाड तोडणारा तो अडाणी माणूस आपल्याला इतका आवडतो, कारण तो लांबचा आहे, मेलेला आहे आणि उत्तर द्यायला येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की उदाहरण पाहिजे तर ज्याच्या पावत्या आहेत असं घ्या. नौरू घ्या. प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या जरा खाली, 21 चौरस किलोमीटर, गाडीने अर्ध्या तासात अख्ख्या देशाला प्रदक्षिणा होते. तिथे काय खणलं, किती पौंडाला विकलं, पैसा कुठे गेला, सगळं लिहिलेलं आहे. मला त्या पैशावरच बोलायचंय, पण आधी दगडाची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मी पुढे जाऊच शकत नाही, आमच्या घरी ही गोष्ट सुरू झाली की पोरं उठून जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची गोष्ट. सिडनीत पॅसिफिक आयलंड्स कंपनीचं ऑफिस. कंपनीचा धंदा खोबऱ्याचा आणि ग्वानोचा, म्हणजे पक्ष्यांच्या शिटेचा, खतासाठी. कंपनीचा एक माणूस, हेन्री डेन्सन, नौरूला गेला होता, त्याला तिथे एक छान रेघारेघांचा दगड दिसला, त्याला वाटलं पोरांना गोट्या करून देऊ, म्हणून घेऊन आला. गोट्या काही झाल्या नाहीत. दगड ऑफिसात दाराला अडकण म्हणून लागला. आता गंमत बघा, कंपनी कशाच्या शोधात आहे, फॉस्फेटच्या, म्हणजे खताच्या दगडाच्या! जहाजं बेटाबेटांवर फिरतायत, आणि फॉस्फेट दारात पडलंय, साहेब लोक येता-जाता त्याला ठेचकाळतायत. (हशा) मग अल्बर्ट एलिस नावाचा तरुण तिथे बदलून आला. त्याला तो दगड बघून शंका आली, पण डेन्सन म्हणाला छे छे, ते दगड झालेलं लाकूड आहे. एलिस बिचारा गप्प बसला. नवीन माणूस, सीनियर सांगतोय, आपल्यातल्या सरकारी नोकरी केलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पण डोक्यातून जाईना, काही महिन्यांनी त्याने एक तुकडा फोडून तपासला. अतिशय उत्तम प्रतीचं फॉस्फेट.

नौरू तेव्हा जर्मनांकडे होतं. एलिसने तर्क केला की शेजारच्या बनाबा बेटाचीही घडण तशीच असेल, शेजारी म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटर. मे 1900 मध्ये तो तिथे उतरला आणि एक करार केला. बेटावरचं सगळं फॉस्फेट काढायचा हक्क, वर्षाला 50 पौंड, मुदत 999 वर्षं. समोरून सही करणाऱ्याला कंपनीने राजा ठरवलं होतं, प्रत्यक्षात अख्ख्या बेटाच्या वतीने बोलायचा अधिकार त्याला नव्हता. 999 वर्षं! बनाबा 1979 ला खणून संपलं, त्याच्या कितीतरी आधी, 1945 मध्ये, तिथली माणसं फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवली होती.

(अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. हो, आलोच.)

तर नौरू. आधी तिथे लोक काय खात होते हे बघा, कारण अडाणी म्हणायची घाई असते. दुष्काळ पडायचे, मग रीफवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या प्रवाळी खडकांवर, दुधमाशाची बारीक पिल्लं पकडायची, हळूहळू कमी खारट पाण्याची सवय लावायची आणि बुआदाच्या तळ्यात सोडून वाढवायची. तळ्यात घराघरांचे हिस्से बांध घालून पाडलेले. हे सगळं पहिल्या महायुद्धाच्या, जर्मनांच्या, कुणाच्याही आधीचं.

खाणकाम 1906-07 च्या सुमारास सुरू झालं. जमीनमालकाला टनामागे अर्धी पेनी. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी 1919 मध्ये फॉस्फेटची वाटणी केली, 42 टक्के, 42 टक्के, 16 टक्के. नौरूवाल्यांचं नाव त्या वाटणीत नाही. माल खर्चाच्या भावात आपापल्या शेतकऱ्यांना दिला. आपल्याकडे शेतीवाले बसलेत त्यांना सुपर फॉस्फेटची गोणी माहितीय, तेच, दगड दळायचा, गंधकाचं आम्ल घालायचं. न्यूझीलंडमध्ये तर दुसऱ्या महायुद्धानंतर विमानाने डोंगरउतारांवर ते शिंपडत. तिकडच्या मेंढ्यांच्या गवताखाली हे बेट पसरलंय. आणि बेटावर मधोमध काय राहिलं, तर त्याला टॉपसाइड म्हणतात, तिथे फॉस्फेट चुनखडीच्या सुळक्यांच्या फटीफटींत असायचं, ते उपसून काढल्यावर नुसते करडे सुळके उभे, माणसापेक्षा कितीतरी उंच, मध्ये खड्डे, चालता येत नाही, पेरता येत नाही. बेटाचा जवळजवळ 80 टक्के भाग असा.

ऑस्ट्रेलियाला हे दिसत होतं. साठच्या दशकात त्यांनी सांगितलं, क्वीन्सलंडच्या कर्टिस बेटावर या राहायला. नौरूवाले म्हणाले, तिथे आमचं राज्य असेल का? नाही म्हटल्यावर 1964 मध्ये यांनीही नाही म्हटलं. 31 जानेवारी 1968 ला स्वतंत्र झाले, खाण विकत घेतली, आणि सत्तरच्या दशकात माणशी उत्पन्नात जगातल्या सर्वात श्रीमंतांत गेले. टॅक्स नाही, दवाखाना फुकट, शाळा फुकट.

आता ज्यासाठी मला बोलावलंय तो मुद्दा, आणि पाच मिनिटं उरलीयत. फॉस्फेट संपणार हे त्यांना माहीत होतं. म्हणून तर त्यांनी रॉयल्टीचा ट्रस्ट काढला, नव्वदच्या सुरुवातीला त्यात एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर पैसे होते, वस्ती दहा हजाराच्या आसपास. मेलबर्नला 52 मजली टॉवर बांधला, लोक त्याला पक्ष्यांच्या शिटेचा टॉवरच म्हणायचे. स्वतःची विमान कंपनी काढली. आणि 1993 ला लंडनमध्ये लिओनार्दो द विंचीवरच्या एका संगीत नाटकात पैसे घातले, ते सपशेल पडलं. संगीत नाटकात पैसा बुडवायला मराठी माणसाने हसू नये, बालगंधर्वांच्या कंपनीची कर्जं आपल्याला पाठ आहेत. (हशा)

पण नाटकाने देश बुडाला नाही. बुडाला तो असा: पैसा सांभाळणारे आणि पैसा उडवणारे एकच होते. बजेटला कमी पडलं की सरकार ट्रस्टच्या जिवावर कर्ज काढायचं. सल्लागार बाहेरचे, त्यांचं पोट सौदा झाला की भरायचं, मग सौदा फायद्याचा असो नसो. खाणीतली कामं किरिबाती, तुवालू, चीनच्या मजुरांनी केली, त्यामुळे खाण मंदावली तेव्हा स्थानिकांच्या हातात दुसरा धंदा नव्हता. खाणं डब्यातलं, तळ्यात साठच्या दशकात तिलापिया मासा सोडला होता त्याने दुधमासा संपवला, मधुमेहात देश जगात वरच्या नंबरात. नव्वदच्या दशकात बाहेरच्यांना नुसत्या कागदावरच्या बँका नोंदवून द्यायचा धंदाही करून झाला. 2004 ला टॉवर गेला, 2005 च्या डिसेंबरात शेवटचं विमान सावकाराने ओढून नेलं. 1993 मध्ये ऑस्ट्रेलियाने, खणून नासवलेल्या जमिनीच्या दाव्यात, कोर्टाबाहेर तडजोड करून 10.7 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर कबूल केले होते, त्याने सुळके काही सपाट झाले नाहीत.

2001 पासून, मधली 2008 ते 2012 ची वर्षं सोडली तर, ऑस्ट्रेलिया तिथे आश्रय मागणारी माणसं डांबून ठेवायला पैसे देतं. 2021 मध्ये नौरूने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला नोटीस दिली की दोन वर्षांत नियम करा, आम्हाला समुद्राच्या तळावरचे धातूचे गोळे काढायचेत. आणि समुद्र चढतोय म्हणून किनाऱ्यावरची वस्ती वर टॉपसाइडला हलवायची त्यांची योजना आहे, त्या सुळक्यांवर, खर्चासाठी पासपोर्ट विकायला काढलेत. ते कितीला हे मी सांगणार होतो, पण अध्यक्ष उभेच राहिलेत, तेव्हा प्रश्न बाहेर चहाच्या वेळी घेऊ.