दोन वाकलेल्या पाठी

(ठाण्यातल्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पडद्यावर दिसतंय त्या मापावर जाऊ नका. शेतात वाकून काम करणाऱ्या दोन बायकांच्या या चित्राची प्रोजेक्टरने भिंत करून टाकलीय. म्हणून मी घरून हा पुठ्ठा कापून आणलाय. उंची ३८.५ सेंटिमीटर, रुंदी ४६.२. मूळ चित्र एवढंच आहे, देवघरावरच्या तसबिरीएवढं. आज ते न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे.

चित्रकार जॉर्ज सरा. जन्म १८५९चा, चित्र १८८२-८३चं, म्हणजे पोरगा बावीस-तेवीस वर्षांचा. पॅरिसमधल्या खाऊनपिऊन सुखी घरातला. सराचं नाव काढलं की लोक म्हणतात, तो ठिपकेवाला ना! ते नंतरचं. इथे ठिपके नाहीत; बारीक आडवेतिडवे फटकारे आहेत, एकमेकांवरून गेलेले, चटई विणल्यासारखे. जवळ गेलात तर बाई कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होतं, हे सांगता येत नाही. दोन पावलं मागे या, मग दोन पाठी वर येतात.

रंगांची समज त्याला कुठून आली, तेही सांगते. शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या भित्तिचित्रांच्या कारखान्यात रंगाई बघायचे. तक्रार आली, काळा रंग फिका वाटतो. त्यांनी तपासलं तर दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यात होता. त्यावर त्यांनी १८३९मध्ये ग्रंथच लिहिला, आणि सराने तो अभ्यासला. आता यात आपल्याला नवीन काय? हिरव्या साडीला लाल काठ आला की हिरवा कसा उठून दिसतो, हे कुठलीही मावशी साडीच्या दुकानात दोन मिनिटांत सांगेल!

आता मुख्य गोष्ट. या बायकांचे चेहरे दिसत नाहीत.

त्याआधी २५ वर्षं, १८५७मध्ये, मिले या फ्रेंच चित्रकाराने सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या होत्या. (आपलं मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्टसुद्धा त्याच सालचं.) कापणीनंतर पडलेली कणसं वेचणं हे गरिबातल्या गरिबाचं काम; तिकडेही आणि आपल्याकडेही. मिले स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या चित्रात मागे धान्याच्या गंज्या आहेत, घोड्यावर मुकादम आहे, पुढे वाकलेल्या बायका. बघणाऱ्याला गलबलून यावं अशीच ती मांडणी आहे, आणि येतंही. सरा तसं काही करत नाही. गंजी नाही, मुकादम नाही. बरीच वर्षं मला हे कोरडं वाटायचं. शहरी पोरगा, त्याला काय कळणार, असंच मी म्हणायचे.

मग एका पावसाळ्यात आत्याची आठवण झाली. आत्या मुरबाडकडची. मी आठ-नऊ वर्षांची असताना आवणीच्या दिवसांत आम्हाला तिकडे पाठवायचे. खाचरात गुडघाभर चिखल, आणि बायका रांगेने मागे मागे सरकत रोपं रोवायच्या. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताने तीन-चार काड्या चिखलात. पाठीवर इरलं. बांधावरून बघितलं तर नुसती इरली दिसत, कासवांची रांग असावी तशी. चेहरा कुणाचाच नाही. तरी आत्या कोणती, ते मला बरोबर कळायचं. ती कंबरेतून वाकायची, गुडघे ताठ ठेवून. आणि दर थोड्या वेळाने डावा कोपर मांडीवर टेकायची.

सराच्या दोघींकडे मी तेव्हापासून तशी बघते. त्या आपल्याकडे बघत नाहीत, कारण त्यांना सवड नाही. आणि तो त्यांना मान वर करायला सांगत नाही, हे मला आता मिलेच्या कणवेपेक्षा जास्त आवडतं. वाद घाला माझ्याशी, हरकत नाही.

पुठ्ठा मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. हातभर लांब धरा आणि मग पडद्याकडे बघा. दिवे थोडे कमी करता का कुणी?