चढावर आलेला गोळा

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी सकाळी आपल्या नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर, काटोल रोडला किंवा झिलपी तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकली टेकवून चहा पीत बसलेली मंडळी तुम्ही पाहिली असतील. त्यातले काही जण जाड टायरची सायकल आणतात, डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या वाटेला लागतात आणि वर्षातून एकदा-दोनदा रजा टाकून लांब पल्ल्याच्या माउंटन बाइक शर्यतीत उतरतात. कुणी बँकेत आहे, कुणी शिक्षक आहे, कुणाचं औषधांचं दुकान आहे. बक्षिसाची आस नसते, शर्यत पुरी करायची असते. सहा तास, आठ तास, कधी सलग तीन-चार दिवस. आणि या मंडळींना विचाराल तर सगळ्यात मोठी धास्ती पंक्चरची नाही, पडण्याचीही नाही. पायात येणाऱ्या गोळ्याची आहे.

आज मी त्याविषयीच बोलणार आहे. गोळा आला की आपल्याकडे निदान ठरलेलं, "मीठ कमी पडलं," आणि औषधही ठरलेलं, "केळं खा." माझं म्हणणं असं की लांबच्या शर्यतीत गोळा बहुतेक वेळा येतो तो पायांना सवय नसलेलं काम, सवय नसलेल्या जोराने आणि सवय नसलेल्या वेळेपर्यंत करायला लावल्यामुळे. मीठ-पाण्याला महत्त्व आहेच, आपल्या नागपूरच्या उन्हात तर आहेच आहे. पण ते नंतर.

गोळा एकदम येत नाही, हे आधी लक्षात घ्या. चढ संपता संपता गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला, कातडीखाली बारीक फडफड सुरू होते. हात ठेवला तर बोटांना कळते. ही पहिली सूचना. चालवणारा दुर्लक्ष करतो, कारण मागचा स्पर्धक जवळ आलेला असतो. पुढे वाट दगडांची होते, तो उतरतो, सायकल ढकलत वर नेतो, आणि पुन्हा बसायला पाय सीटवरून पलीकडे टाकतो. त्याच क्षणी मांडीची आतली बाजू लाकडासारखी कडक होते. पाय धड पलीकडे जात नाही, धड मागे येत नाही. माणूस सायकलसकट आडवा होतो आणि दोन्ही हातांनी मांडी दाबत ओरडतो. ज्याने हे पाहिलंय तो "थोडा त्रास झाला" असं कधी म्हणणार नाही.

हे होतं कसं? स्नायूला आखडण्याचा हुकूम मज्जारज्जूतल्या चेतापेशींकडून जातो, आणि त्या पेशींना खालून सतत दोन प्रकारचे निरोप येत असतात. स्नायूच्या पोटात बसलेले संवेदक सांगतात, अजून आखड. स्नायू हाडाला जिथे जोडलेला असतो त्या कंडरेतले संवेदक सांगतात, आता पुरे, सोड. एक ॲक्सिलरेटर, एक ब्रेक. स्नायू फार थकला की ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो आणि ब्रेक ढिला पडतो. त्यातून, स्नायू आधीच आखूड स्थितीत असताना जोर लावला तर कंडरेवर ताणच येत नाही, म्हणजे उरलासुरला ब्रेकही लागत नाही. सायकलवर नेमकं हेच घडतं. पेडल मारताना पाय कधीच पूर्ण सरळ होत नाही. तासन्‌तास स्नायू अर्ध्या लांबीतच काम करत राहतो.

ही मांडणी दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर मार्टिन श्वेल्नस यांनी १९९७ साली पुढे आणली. त्याआधी सगळा भर घाम आणि मिठावर होता, आणि त्यालाही आधार होता. १९३० च्या दशकात अमेरिकेत हूवर धरणाचं काम चाललं होतं, तिथे वाळवंटी उन्हात राबणाऱ्या मजुरांना भयंकर पेटके येत. त्यांच्या तपासण्या झाल्या, मीठ दिल्यावर त्यांना आराम पडला. ते खरंच होतं. पण नंतर श्वेल्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीतल्या २१० स्पर्धकांना तपासलं तेव्हा गोळे आलेल्यांत आणि न आलेल्यांत पाण्याचा किंवा रक्तातल्या सोडियमचा असा फरक सापडला नाही की ज्यावरून गोळा येणार हे सांगता यावं. सांगता आलं ते दोन गोष्टींवरून: ज्यांनी वेग जास्त ठेवला होता आणि ज्यांना याआधी गोळे येऊन गेले होते, त्यांना ते जास्त आले.

वेग जास्त, म्हणजे स्वतःच्या तयारीपेक्षा जास्त. इथे आपण नागपूरकरांनी आपल्या गावाकडे नीट पाहायला हवं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आणि चारी बाजूंनी जवळपास सपाट. सेमिनरी हिल्सचा चढ सुरू होतो म्हणेपर्यंत संपतो. गोरेवाड्याकडे चढउतार आहेत, पण एक-दोन मिनिटांचे. वर्षभर आपण अशा जमिनीवर चालवतो आणि शर्यतीला जातो सातपुड्यात, सह्याद्रीत, हिमाचलात. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायचं तर घाट तासन्‌तास सोडत नाही, आणि वर पोहोचतो तेव्हा उंची हजार मीटरच्या पुढे गेलेली असते. दोन मिनिटांच्या चढाला सरावलेल्या मांड्यांना दोन तासांचा चढ दिला तर त्या तक्रार करणारच. त्यात मिठाचा दोष किती?

सपाट गावात राहणं ही मोठी अडचण नाही, हे आपल्याच गावाने दाखवलंय. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, पहिल्याच प्रयत्नात, १२ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. ती डांबरी रस्त्याची शर्यत, पण वाटेत रॉकी पर्वत आडवा येतो. तेव्हा डोंगर जवळ नसला तरी डोंगराचं काम पायांकडून करून घेता येतं.

ते कसं? रामटेकच्या गडाचा रस्ता एकदा चढून दर्शन घेऊन परतू नका. चढा, उतरा, पुन्हा चढा, पाय कुरकुरायला लागेपर्यंत. सपाट रस्त्यावर एक गिअर जड टाकून, सीटवर बसूनच, मिनिटाला पेडलच्या पन्नास-साठ फेऱ्यांनी आठ-दहा मिनिटं चालवा, मग हलक्या गिअरवर पाय मोकळे करा, पुन्हा जड. गुडघा दुखला तर तिथेच थांबा, ते सहन करण्याचं दुखणं नाही. घरी पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा खाली सोडायच्या आणि वर उचलायच्या. हा पोटरीचा व्यायाम सायकलवाले सगळ्यात जास्त टाळतात. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण माउंटन बाइकवर पोटरीचा गोळा बहुधा ढकलताना येतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत टायर आणि फोर्क, म्हणजे चाक धरणारा दांडा, यांच्यामध्ये चिखल असा गच्च बसतो की चाक फिरत नाही. सायकल खांद्यावर घ्यायची आणि क्लीट, म्हणजे बूट पेडलला अडकवणारी पट्टी, लावलेल्या बुटांनी घसरत चवड्यांवर चढायचं. तीन तास पेडल मारून थकलेल्या पोटरीला हे काम अगदी नवं असतं. तेव्हा सरावातही अधूनमधून उतरा आणि ढकला. लाज वाटायचं कारण नाही, तोही शर्यतीचाच भाग आहे.

उताराचंही तसंच. लोकांना वाटतं उतारावर विश्रांती मिळते. डांबरी रस्त्यावर मिळतही असेल. दगडांच्या वाटेवर मात्र सीट सोडून, गुडघे वाकवून, दोन्ही पेडल समपातळीत ठेवून उभं राहावं लागतं. मांड्या न हलता सतत आवळलेल्या, त्यात खालून हादरे. खाली आल्यावर लगेच चढ लागला की पहिल्या दहा पेडलांत गोळा धरतो. म्हणून उतारावर जागा मिळेल तिथे पाय बदला, मागचा पुढे घ्या, एखादी टाच खाली दाबून पोटरी ताणून घ्या.

सीटची उंची एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. पेडल अगदी खाली असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहायला हवा. सीट फार खाली असेल तर गुडघा सतत जास्त वाकलेला राहतो, फार वर असेल तर पोटरी आणि मांडीची मागची बाजू ओढली जाते. आणि शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सीट, बूट, क्लीट यातलं काहीही बदलू नका.

शर्यतीतला पहिला तास फसवा असतो. पाय ताजे, सगळे सुसाट सुटलेले. या तासात बोलता येईल इतक्याच जोराने चालवा. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा, मग दहा जण पुढे गेले तरी चालेल. चढ लागायच्या आधी गिअर हलका करा, चढावर अडकल्यावर नाही.

आता मीठ आणि पाणी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत कुणाचा घाम तासाला लिटरभर जातो, कुणाचा त्याहून जास्त. स्वतःचा अंदाज घ्यायला वजनकाटा पुरे. तासभर चालवण्याआधी आणि नंतर, घाम पुसून वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. काळ्या टीशर्टवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त आहे. अशा माणसाने साध्या पाण्यावर सहा तास काढू नयेत.

पण "पी, पी, अजून पी" हाही सल्ला धोक्याचा आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेलं आढळलं, आणि त्यामागचं मोठं कारण शर्यतीत वाढलेलं वजन, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिणं, हे होतं. यात माणूस गोंधळतो, उलट्या करतो, झटके येऊन दगावूही शकतो. तहान लागेल तसं प्या. शर्यत संपल्यावर वजन सुरुवातीपेक्षा वाढलेलं नको.

काय प्यायचं? महागड्या पाकिटांची सक्ती नाही. ओआरएसच्या एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते पाकीट एका लिटरमध्येच घाला, अर्ध्या लिटरमध्ये नको. घरचं मीठ-साखरेचं लिंबूपाणीही चालतं. खायला उकडलेला बटाटा मीठ लावून, खजूर, चिक्की. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, कारण उपाशी स्नायू लवकर थकतो आणि थकलेला स्नायूच गोळा धरतो. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आणि केळं? जरूर खा, चांगलं अन्न आहे. पण केळ्यात पोटॅशियम असतं, सोडियम जवळपास नसतं, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. शिवाय खाल्लेलं केळं पचून रक्तात यायला बराच वेळ लागतो. आत्ता आलेला गोळा ते आत्ता सोडवणार नाही.

आत्ता आलेला गोळा सोडवतो तो ताण. उतरा, सायकल वाटेच्या बाजूला घ्या. पोटरीत असेल तर गुडघा सरळ ठेवून चवडा स्वतःकडे ओढा. मांडीच्या पुढच्या बाजूला असेल तर टाच पार्श्वभागाकडे न्या, मागे असेल तर पाय सरळ करून कमरेतून पुढे वाका. हळूहळू, झटका न देता, गोळा सुटेपर्यंत धरून ठेवा. ताण दिला की कंडरेतला तो ब्रेक पुन्हा लागतो, म्हणून हा उपाय चालतो. सोबत्याला मदत करणाऱ्यांनी स्नायूवर बुक्क्या मारू नयेत.

आणखी एक गंमतीचा शोध आहे. २०१० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. विजेच्या सौम्य झटक्यांनी पायाच्या अंगठ्याच्या छोट्या स्नायूत गोळा आणला आणि व्हिनेगरातल्या काकडीच्या लोणच्याचं पाणी प्यायला दिलं. साध्या पाण्यापेक्षा गोळा लवकर सुटला, आणि इतक्या लवकर की ते मीठ रक्तात पोहोचणं शक्यच नव्हतं. तोंडाला-घशाला बसलेल्या आंबट-खारट झणक्यानेच चेतापेशी शांत झाल्या असाव्यात, असा तर्क आहे. आपलं तेलातलं आंब्याचं लोणचं म्हणजे ते नव्हे. मिठात मुरलेल्या लिंबाचा खार त्याच्या जवळचा. तो लहान बाटलीत भरून नेणारे आहेत. करून पाहायला हरकत नाही, पण ताण आधी, खार नंतर.

वेदनाशामक गोळी मात्र शर्यतीत घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात तिचा भार मूत्रपिंडावर पडतो. एका पायात गोळा येणं वेगळं आणि अंगभर पेटके येऊन चक्कर, उलटी, बोलण्यात असंबद्धता येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात शर्यत तिथेच थांबवायची, माणसाला सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि दवाखान्यात न्यायचं. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, किंवा एकच पोटरी सुजून गरम लागली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

हे काही नसेल, फक्त स्नायू ठणकत असेल, तर दोन-तीन दिवस सावकाश चाला, व्यवस्थित जेवा, झोप घ्या. मग सायकल काढाल तेव्हा सपाट रस्ता निवडा, गिअर हलका ठेवा, आणि ती मांडीतली फडफड पुन्हा जाणवली तर तिथूनच परत फिरा.

नमस्कार.