नळ आलाय!

श्रोतेहो, नमस्कार.

ऊन तापायला लागलंय. तुमच्या ओसरीतला रांजण भरला असेल, त्यावर ताट आणि ताटावर तांब्या पालथा घातला असेल. आपल्याकडं दारात आलेल्याला आधी गुळाचा खडा न् पाणी, मग 'कोण गावचे पाव्हणे?' हे मी सांगायची गरज नाही. जाताजाता एवढंच म्हणतो, वीस लिटरच्या जारमधलं थंडगार पाणी कितीही प्या, तहान भागते ती रांजणाच्याच पाण्यानं. असो.

आज बोलायचंय बिनपैशाच्या, बिनगाजावाजाच्या मदतीबद्दल. पैठणच्या नाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्यात कावडीपेक्षा नाथांचं थांबणं मोठं वाटतं. बरोबरचे लोक पुढं निघालेले, आणि हा माणूस थांबला. बसस्टँडवर एखाद्या आजीला गाडीची पाटी वाचून दाखवायला कितीसा वेळ लागतो? पण थांबावं लागतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना ते जमत नाही. त्या रुमालांवर मी कधीतरी वेगळं भाषण देणार आहे.

तर गोष्ट सांगतो. काहींनी माझ्या तोंडून ती आधी ऐकली असेल, पुन्हा ऐका.

मी लातुरात नोकरीला नवा होतो. औसा रोडच्या बाजूला एका गल्लीत खोली घेतली. अकरा घरांची गल्ली, आणि नळ आठ-आठ दिवसांनी यायचा, तोही रात्री. कधी दोनला, कधी चारला. मला त्याचा पत्ताच नव्हता. आल्या आल्या समोरच्या मावशींशी माझं वाजलंही होतं. मी मोटारसायकल त्यांच्या ओट्याला टेकवून लावली म्हणून त्यांनी गल्लीदेखत मला झापलं होतं.

त्याच रात्री तीनला दाराची कडी वाजली. धाडधाड. मी घाबरून उठलो. बाहेर मावशी, डोक्यावर पदर, हातात काठी.

"ओ गुरुजी, उठा! नळ आलाय!"

एवढंच बोलून त्या पुढच्या दाराला गेल्या. तिथंही तेच, नळ आलाय. अकराच्या अकरा घरी नळ आलाय. मी टिपाड भरलं, बादल्या भरल्या, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवली.

मावशींना कळायचं कसं? नळाखाली त्या पितळी परात पालथी घालून ठेवायच्या. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा सूं सूं करते, मग पहिला थेंब परातीवर टण्णकन वाजतो. तेवढ्या आवाजानं त्यांना जाग यायची.

वर्षभर त्यांनी मला असं उठवलं. मग एकदा त्या लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या. जाताना परात माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "गुरुजी, ह्या खेपेला तुम्ही उठवा."

टण्णकन वाजलं. मी उठलो, टिपाडात पाइप सोडला. अंगठ्याएवढी धार. मग काठी घेऊन पहिलं दार वाजवलं, दुसरं, तिसरं. घरोघर मोटारी सुरू झाल्या. नळाला थेट मोटार लावू नये हे सगळ्यांना माहीत, आणि लावतातही सगळेच. गल्ली उठवून परत आलो आणि टिपाडात वाकून बघितलं. अंगठ्याएवढ्या धारेची सुतळी झाली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मावशींकडं मोटार नव्हती. गल्ली झोपेत असताना धार त्यांच्या एकट्यांच्या नळाला होती. आमचं एकेक दार वाजवलं की ती बारीक व्हायची. हे त्यांना ठाऊक नसेल? वर्षानुवर्षं घागरी भरणाऱ्या बाईला? तरी त्या दार वाजवायच्या. नळ आलाय.

पुढं मांजरा धरण आटलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. देशभर फोटो गाजले, आणि गाजायलाच हवे होते. त्या दिवसांत नळ महिनोन्महिने कोरडे. पण मावशींची परात नळाखालून हलली नाही. गल्लीत टँकर आला की त्या रांगेत उभ्या असायच्या आणि मागच्या बाळंतिणीला पुढं घ्यायच्या. पुढं घेतलेली बाई म्हणजे आपली एक घागर कमी, हे रांगेत उभं राहिलेल्यांना सांगायला नको.

आता मावशी थकल्यात, कानांनी कमी ऐकू येतं. परात माझ्याकडंच असते. नळ आला की मी आधी त्यांची कडी वाजवतो, त्यांच्या नळाला पाइप जोडून देतो आणि ओट्यावर बसतो. त्यांच्या दोन घागरी आणि टिपाड भरल्यावर मग पुढची दारं, असा माझा हिशोब.

मागच्या खेपेला एक घागर भरली, दुसरी निम्मी झाली होती. मावशी काठी टेकत बाहेर आल्या, अंधारात गल्लीवरनं नजर फिरवली. कुणाच्याच खिडकीत उजेड नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या,

"नुसते बसलाव काय ओ गुरुजी? उठवा की लोकांला!"