श्रमदानानंतरची गटचर्चा: कोणते प्रश्न विचारावेत?

नमस्कार. पावसाळा सरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ओहोळांवर राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी वनराई बंधारे बांधताना दिसतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडे शिवून त्या प्रवाहात आडव्या रचल्या जातात. कोकणात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्याच्या उतारावरून पाणी झपाट्याने निघून जाते आणि मे महिन्यात कित्येक वाड्या टँकरची वाट पाहतात, म्हणून या कामाचे मोल मोठे आहे. आज बोलायचे आहे ते त्याच संध्याकाळच्या गटचर्चेविषयी.

‘सेवेचे महत्त्व’ असा विषय दिला की प्रत्येक जण त्याग, बंधुभाव, कर्तव्य हे शब्द उच्चारून खाली बसतो. मूल्ये अशी हाती लागत नाहीत. ती दिवसभर केलेल्या कामातच शोधावी लागतात. म्हणून पहिला प्रश्न असा असावा: बंधारा याच जागी हवा, हे कोणी ठरवले? डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बायकांना कोणती विहीर आधी आटते हे नेमके ठाऊक असते, आणि त्यांना न विचारता केलेल्या मदतीत आदर उणा पडतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. अडवलेले पाणी कोणाच्या विहिरीला आणि कोणाच्या बागेला मिळणार? वरच्या वाडीच्या श्रमातून खालच्या एकाच बागायतदाराचा फायदा होणार असेल, तर तिथे न्यायाचा मुद्दा उभा राहतो. इथे आवाज चढले तरी शिक्षकांनी चर्चा आवरती घेऊ नये, कारण खरा विचार इथेच सुरू होतो.

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत करायच्या सेवेचे 240 तास भरावेत म्हणून काही विद्यार्थी येतात. त्यात मला गैर वाटत नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, सुरू झालेल्या या योजनेने अनेकांना प्रथमच गावात आणले आहे. मात्र कच्चा बंधारा पुढच्या पावसात वाहून जातो, तेव्हा तो पुन्हा कोण बांधणार, हे त्यांनाही विचारावे.

चर्चा देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पडवीत, ग्रामस्थांसह गोल बसून करावी. आधी वाडीतल्या माणसांनी बोलावे, मग विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी सर्वांत शेवटी. पुढच्या वर्षीची जबाबदारी घेणाऱ्यांची नावे त्याच बैठकीत वहीत लिहून तिची प्रत ग्रामपंचायतीत द्यावी.